ठुमक्या वळून बघतो

"मामा, परत एकदा या. कपांकडं बघू नका, समोर बघा," तेजल म्हणत होती. फोन पुढे धरून ती उलट्या पावलांनी मागे सरकत होती आणि ऑफिसचे शिपाई बंडामामा चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमधून तिच्याकडे येत होते.

चहा सांडू नये म्हणून मामा कोपरं बाहेर काढायचे, गुडघे जरा वाकवायचे आणि बाकी सगळं अंग सैल सोडायचे. ऑफिसातले आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. "मामा, चांगलं दिसालंय," कुणीतरी ओरडलं आणि मामा लाजून आणखीच सैल झाले. पुढच्या आठवड्यात त्या चालण्याचा ऑक्टोपस झाला.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. तिथे आम्ही 'खोल' नावाचा व्हिडिओ गेम करायचो. खेळणारा पाणबुड्या होऊन समुद्रात उतरतो, बुडालेली जहाजं धुंडाळतो, मोती गोळा करतो, वाटेत जनावरं येतात त्यांच्याशी झुंजतो. गेम बाजारात आला, चारचौघांनी खेळला आणि सगळ्यांची एकच तक्रार आली. मासे तेच तेच आहेत, नुसते रंग बदललेत.

इंद्रजितदादा म्हणजे आमचे मालक. ते त्या तक्रारी मोठ्यानं वाचून दाखवायचे, जणू काही आम्हीच त्या लिहिल्या होत्या. "वरायटी पाहिजे लोकांना! समुद्र म्हणजे काय रंकाळ्याचं तळं हाय व्हय, चार मासे सोडले की झालं?"

"दादा, आपल्यातल्या निम्म्यांनी समुद्र गणपतीपुळ्यालाच बघितलाय," मी म्हणाले. "तोही गुडघ्यापर्यंत."

"मग समुद्र कशाला बघाय पाहिजे? माणसं बघा की. ह्या हापिसात जनावरं काय कमी हायत?"

ते चेष्टेत बोलले, पण तीच आमची कामाची रीत झाली. नवं जनावर करायचं ठरलं की ऑफिसातल्या एकाची चाल घ्यायची. तेजल त्याला पॅसेजमधून चालायला लावून फोनवर व्हिडिओ काढायची, त्यावरून कॉम्प्युटरवर कच्ची चाल बांधायची आणि ती फाइल माझ्याकडे यायची. शेवटचा हात माझा. चाल पक्की करायची, अंगाला वजन द्यायचं, डोळ्यांत जीव घालायचा. माझ्यानंतर ती फाइल कुणी उघडत नसे, ती सरळ गेममध्ये जायची.

चाल दिली की माणूस त्या जनावराचा मालक व्हायचा. पॅसेजच्या भिंतीवर जनावराचं रंगीत चित्र लागायचं, त्याच्याखाली मालकाचा फोटो, आणि मालकानं सगळ्या ऑफिसला मिसळ द्यायची. दादा छाती पुढे काढून सावकाश चालायचे, त्यांचा देवमासा झाला. हिशेब बघणाऱ्या पाटीलबाई दर पावलाला पदर सावरायच्या, त्यांचा जेलीफिश झाला. तेजलचा समुद्रघोडा. चित्रं वाढत वाढत पाण्याच्या कूलरपर्यंत आली.

माझा फोटो मात्र त्या भिंतीवर नव्हता.

मला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय बारीक आहे आणि डाव्याहून आखूड. काठी लागत नाही, पण दर पावलाला मी उजव्या बाजूला खचते आणि मग खांदा झटकून वर येते. असं मला लोकांनी सांगितलंय. मी स्वतः ते कधी बघितलेलं नाही. लग्नाकार्यात कॅमेरावाला फिरायला लागला की मी आधी खुर्ची गाठते. तेव्हा माझी चाल कुणी मागितली नाही, ह्यात नवल काही नव्हतं. ती माणसं माझं मन जपत होती. पण मला त्याचं वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर रागच यायचा. बंडामामांचा ऑक्टोपस होतो, आणि माझं काहीच होत नाही?

"माझी चाल राहिली की गं," मी एकदा डबा खाताना तेजलला म्हणाले. हसत म्हणाले, पण ते हसण्यावारी नव्हतं.

"वांगं घे," ती म्हणाली. "आईनं तुझ्यासाठी म्हणून जास्त दिलंय."

तेजल चौगुले माझी मैत्रीण. त्या ऑफिसात मला तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. जिन्यात, पॅसेजमध्ये, रस्त्यावर ती कायम माझ्या मागून चालायची. बरोबरची माणसं पुढे जातात, मग त्यांच्या लक्षात येतं, मग ती थांबून वाट बघतात, आणि मला ते थांबणं नकोसं होतं. तेजलनं मला त्यातून कायमचं सोडवलं होतं. "मी मागं हाय, जा तू निवांत," ती म्हणायची.

मग एक दिवस तिच्याकडून नवी फाइल आली. समुद्राच्या तळावर चालणारा मासा. जाडजूड, गोल तोंडाचा, पोटाखाली पायांसारखे दोन पर आणि मागे भलीमोठी शेपूट. फाइलीला तेजलनं नाव दिलं होतं ठुमक्या. कच्च्या चालीतच तो असा काही चालत होता की मला हसू फुटलं. एका परावर खचायचा, शेपूट हेलकावे खायची आणि मग सगळं अंग उचलून पुढे टाकायचा.

"व्हिडिओ कुठाय ह्याचा?" मी विचारलं.

"उडाला फोनमधनं," तेजल पडद्याकडे बघत म्हणाली. "कच्चं नीट बांधलंय. कर तू त्यावरनंच."

"चाल कुणाची?"

"कुणाची नाही. असंच, मनानं."

दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे बघ शलाका, हा चावत नाही का डसत नाही. नुसता मधी मधी येतो. त्याला लाथ घातली की मोती पडतो. पण नुसता मोती नको. लाथ घालताना मजा आली पाहिजे. माणसानं परत परत घातली पाहिजे."

"लाथ बसली की कोलांटी खाईल," मी म्हणाले. "मग धडपडत उठेल आणि चालायला लागेल."

"आणि?"

"आणि थोडं पुढे जाऊन मागे वळून बघेल."

हे कुठून आलं मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं. मी हातानं करूनही दाखवलं. आधी नुसता डोळा वळतो, मग मान, मग अर्धं अंग. जरा उशिरानं. आणि मागे कुणी नाहीच असं समजून तो परत पुढे चालायला लागतो.

दादांनी टेबलावर हात आपटला. "नाद खुळा! हे कर. हेच कर."

मी तो मासा मन लावून केला. इतकं मन लावून त्याआधी कुठलंच जनावर केलं नव्हतं. खचतो तिथे आणखी थोडा खचवला. उठताना खांदा झटकायला लावला. मागे वळायच्या आधी त्याला क्षणभर थबकवलं, म्हणजे त्याला कळलंय की मागे काहीतरी चाललंय, पण बघावं की नाही हे ठरत नाहीये. तेजल मधेच येऊन बघून जायची आणि काही न बोलता परत जायची. मला वाटलं, तिला हेवा वाटतोय.

ठुमक्या गेममध्ये गेला आणि लोकांना वेड लागलं. मोती बाजूला राहिले, लोक नुसते त्याला शोधून शोधून लाथा घालायला लागले. त्याचे व्हिडिओ निघाले. कुणी त्याला कड्यावरून ढकललं, कुणी त्याला कोपऱ्यात घालून तुडवलं. आणि दर वेळी तो उठायचा, खचत खचत थोडं जायचा आणि वळून बघायचा. तिथे बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची.

ऑफिसातही सगळे एका टेबलाशी जमून ते व्हिडिओ बघायचे. मी आत आले की हसणं बंद व्हायचं.

"माझ्यासमोर हसायला काय झालं?" मी एकदा म्हणाले. "मीच केलाय की त्याला."

मग सगळे हसले, जरा जास्तच. मीही हसले.

भिंतीवर ठुमक्याचं चित्र लागलं. त्याच्याखालची जागा रिकामी होती. आठवड्याभरात मला ती जागा खुपायला लागली. शेवटी एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी दादांना म्हणाले, "ह्याला मालक नाही, तर माझा फोटो लावा की खाली. निम्मा तर मीच केलाय. मिसळ देते."

दादांनी तेजलकडे बघितलं. तेजलनं कपात बघितलं. बंडामामा अजून चहा शिल्लक असलेले कप ट्रेमध्ये गोळा करून बाहेर निघून गेले.

"लावू की," दादा म्हणाले. "बघू. लावू."

त्या रविवारी दुपारी माझी भाची गार्गी हॉलमध्ये 'खोल' खेळत बसली होती. ती माझ्या भावाची मुलगी, तेव्हा तिसरीत होती. मी आतून चिवड्याची वाटी घेऊन येत होते. ती पडद्यावरून मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, मग परत पडद्याकडे, मग परत माझ्याकडे.

"आत्या, थांब. परत आत जा आणि ये."

"का गं?"

"ये ना."

मी आत गेले आणि आले. तिनं टाळी वाजवली. "मी म्हटलंच होतं! वर्गातल्या मधुराला पटतच नव्हतं. मी सांगितलं, हे माझ्या आत्याचं चालणं हाय, तिनं स्वतःचं दिलंय त्याला. दिलंयस ना?"

मी वाटी टेबलावर ठेवली.

"आत्या, सगळ्या वर्गात माहीत हाय आता. मधल्या सुट्टीत सगळे ठुमक्या करतात. एकानं चालायचं आणि बाकीच्यांनी मागनं लाथ घालायची. मला सगळ्यात भारी जमतं, कारण मी रोज बघते ना तुला." आणि तिनं मला चालून दाखवलं. खचली, खांदा झटकून वर आली, परत खचली. सोफ्यापाशी जाऊन थबकली आणि मागे वळून बघितलं. तिचं तोंड अभिमानानं फुललं होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मागून चालताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तेजलच्या टेबलाशी उभी राहिले. "फोन दाखव."

"कशाला?"

"उडालेला व्हिडिओ बघायचाय."

मग तिनं फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्याच ऑफिसचा जिना, आमचाच पॅसेज, रस्ता, बसस्टॉप. पुढे मी, माझी पिशवी, माझी वेणी. एक नाही, पुष्कळ व्हिडिओ होते.

"मागून चालायचीस ती ह्यासाठी?"

"नाही गं! शप्पथ नाही. ते आधीपासनंच. हे नंतर." तिचे डोळे भरले होते. "तूच म्हणत होतीस की, माझी चाल राहिली म्हणून."

"मग विचारायचं होतंस. मी दिली असती."

"समोरनं मागितली असती तर तू नीट चालायला बघितली असतीस," तेजल म्हणाली. "फोन दिसला की तू अंग चोरतेस. मग ती चाल काय कामाची?"

ते खरं होतं.

तोवर दादा आले. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "शलाका, चुकलंच. आधी सांगाय पाहिजे होतं. पण तुला वाईट वाटंल म्हणून कुणी बोललं नाही. आता असं बघ, सगळ्या गेममध्ये लोकांना काय आवडलं? तूच आवडलीस. आत्ता फोटो लावतो भिंतीवर."

"ती चाल काढा, दादा."

दादांनी जरा विचार केला. "बरं. चाल बदलू. दुसऱ्या कुणाची तरी घालू, एवढं काय त्यात? पण ते मागं वळून बघणं राहू दे. लोक त्यासाठीच मारालेत त्याला. आणि ते काय तुझं नव्हं, ते तर तू मनानं घातलंस."

मी शाळेत जायची ती गल्ली मला आठवली. मागून चार पोरी यायच्या. त्या हसायच्या नाहीत, आवाज अजिबात करायच्या नाहीत, पण त्यांच्या चपलांचा ताल माझ्यासारखा पडायला लागला की मला कळायचं. मी थबकायची. बघावं की नाही हे ठरायचं नाही. मग आधी डोळा, मग मान, मग अर्धं अंग. मी वळले की त्या सरळ उभ्या राहून आभाळाकडे बघायच्या. मीही काही दिसलंच नाही असं दाखवून पुढे चालायला लागायची. तेजलच्या फोनमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं. तेवढं मी माझ्या हातानं दिलं होतं.

"उलट करा," मी म्हणाले. "चाल राहू दे. वळून बघणं तेवढं काढा."

"ते काढलं तर त्याला मारंल कोण?" दादा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांनी बंडामामांना हाक मारली आणि माझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणायला पाठवलं. तासाभरात तो ठुमक्याच्या चित्राखाली लागला. लोक टेबलं सोडून पॅसेजमध्ये आले. पाटीलबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटलं, सगळं मिटलं. आणि कुणीतरी मागून म्हणालं, "मग मिसळ?"

मी मिसळ मागवली. मलाच ती द्यायची होती किती दिवसांपासून. तेजलनं माझ्या ताटलीत लिंबू पिळून दिलं आणि मी ते खाल्लं.

पुढच्या अपडेटला दादांना ठुमक्याचं अख्खं बिऱ्हाड पाहिजे होतं. ठुमकी आणि दोन पिल्लं. वरायटी. सगळ्यांना तीच चाल. मी नाही म्हटलं नाही. फाइल माझ्याकडे आली, ठुमकी केली, पिल्लं केली, आणि मग चौघांचंही वळून बघणं बदललं. पहिल्यासारखंच थबकायचं, डोळा वळवायचा, मान वळवायची, अंग वळवायचं. फक्त परत पुढे बघायचं नाही. लाथ घालणारा जिथे असेल तिथे त्याच्याकडे बघत राहायचं. तो हलला तर त्याच्यामागे डोळे फिरवायचे. तो निघून जाईपर्यंत बघायचं.

मला एवढंच पाहिजे होतं. गल्लीतल्या पोरी मी वळल्यावर थांबायच्या. मी पुरेसं बघितलं असतं तर कदाचित पुन्हा मागे आल्याच नसत्या, असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं होतं.

माझ्यानंतर फाइल कुणी उघडत नसे. अपडेट गेला, आणि दुसऱ्याच दिवशी दादा तावातावानं माझ्या टेबलाशी आले. "काय करून ठेवलंस हे? लोक शिव्या घालालेत. अंगावर काटा येतो म्हणतात. खेळ हाय का भुताटकी? जुनं वळणं परत टाक."

"मी नाही टाकणार."

"तेजल टाकंल," दादा म्हणाले.

तेजल तिच्या जागेवरून उठली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पण तिनं फाइल उघडली ते मला तिच्या पडद्यावर दिसलं. मी पिशवी घेतली, भिंतीवरचा माझा फोटो ओढून काढला आणि जिना उतरले. पहिल्यांदाच त्या जिन्यात माझ्या मागे कुणी नव्हतं.

घरी आले तेव्हा गार्गी शाळेतून येऊन, दप्तर तिथेच टाकून खेळायला बसली होती. जुनं वळणं अजून परत आलेलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. पडद्यावर ठुमक्याचं बिऱ्हाड तळावरून निघालं होतं. पुढे ठुमक्या, मागे ठुमकी, मागे दोन पिल्लं, चौघंही एका बाजूला खचत. गार्गीनं शेवटच्या पिल्लाला लाथ घातली. ते कोलांटी खाऊन उठलं, थोडं पुढे गेलं, थबकलं आणि वळलं.

ती हसली आणि वाट बघत राहिली. पिल्लू बघतच होतं.

"आत्या, हे पुढं का जात नाही?"

"तुझ्याकडे बघतंय."

"कशाला?"

"तू लाथ घातलीस म्हणून."

गार्गीनं त्यावर विचार केला. कपाळाला आठ्या घालून ती त्या पिल्लाकडे बघत होती आणि पिल्लू तिच्याकडे. मला वाटलं, झालं. आता थांबवेल ती खेळ.

तिनं बटण दाबलं. पिल्लू पडलं, उठलं, वळलं. तिनं परत दाबलं. मग ठुमकीला, मग ठुमक्याला. चौघंही उठून वळून तिच्याकडे बघत उभी राहिली. ती आता हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून नुसती बटण दाबत होती, एकदा ह्याला, एकदा त्याला.

"हे बघायचं थांबतच नाहीत की," ती कुरकुरली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तिच्याकडेच बघत होते. तिचा अंगठा अडखळला.

"आत्या, तू आत जा ना," ती म्हणाली. "तू बघालीस की मला नीट मारता येत नाही."

मी उठले. हॉल ओलांडून आतल्या दाराकडे चालायला लागले. दारापाशी पोचेपर्यंत मागे बटणांचा आवाज परत सुरू झाला होता. मी वळले नाही.